रेंजबाहेरचं घर

शैला शिप्पूरकरला जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्याचा बाऊ तिनं कधी केला नाही. ती साखर कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि माणसं आवाजावरून ओळखायची. वजनकाट्यावरचा कारकून उल्हास रोज सकाळी फोन करून "जरा शेती ऑफिसला जोडून देता का?" म्हणायचा. त्या "जरा"वरच तिचा जीव जडला होता, हे तिनं त्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

गळीत हंगामात उल्हास दोन-दोन पाळ्या काट्यावर असायचा. घरात शैला एकटी. म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून वाचायचा, ते फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचा आणि ती संध्याकाळी ते ऐकत भाकरी करायची. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर आंब्यावरच्या रोगांचं अख्खं पुस्तक. अशी वर्षं गेली. एक्स्चेंज बंद झालं, दोघं निवृत्त झाली, मुलगी केतकी पुण्याला गेली. आजऱ्याच्या पलीकडे डोंगराला टेकलेल्या कातळवाडीत दोघंच राहिली आणि उल्हास आता समोर बसून वाचू लागला.

मग त्याचा घसा बसला, तो उठेचना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. काढलं. जीव वाचला. उल्हास आता गळ्यातल्या एका छिद्रातून श्वास घ्यायचा. तोंड हलायचं, जीभ हलायची, पण हलवायला आवाजच उरला नव्हता.

डॉक्टरांनी सोयी सुचवल्या होत्या. गळ्यात झडप बसवून पाहिली, ती त्याला सोसली नाही. हनुवटीखाली धरायचं गुणगुणणारं यंत्र आणलं. त्यातून येणारा आवाज भुंग्यासारखा होता, आणि तो उल्हासचा नव्हता. शेवटी तो फोनवर लिहायचा आणि फोन ते वाचून दाखवायचा. कुठल्याशा तरुण मुलीच्या आवाजात "शैला, डाळ छान झाली आहे" असं ऐकू यायचं, तेही तिचं जेवण उरकत आल्यावर.

बाकीच्यांना काय, उल्हासचा चेहरा दिसायचा. हातवारे दिसायचे. शैलाला फक्त त्याची पावलं ऐकू यायची आणि गळ्यातल्या छिद्रातून जाणारा श्वास. तो हसला की तो श्वास तुटक व्हायचा. त्यावरून ती ओळखायची की तो हसतोय. कशाला हसतोय, ते विचारावं लागायचं.

केतकीनं पुण्याहून फोन केला तो 'साद'बद्दल सांगायला.

"आई, एक नवीन फोन आलाय. मुक्यानं बोलायचं आणि तो आवाज करतो. बाबांचाच आवाज."

"बाबांचाच म्हणजे?"

"ती सगळी पुस्तकं आहेत ना तुझ्याकडं, बाबांनी वाचलेली? त्यातून बनवतात."

ते पुढच्याच आठवड्यात विजेवरच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. फोन बनवणाऱ्या कंपनीनं तिथं एक छोटं केंद्र उघडलं होतं. तिथल्या मुलीनं उल्हासच्या जबड्याखाली आणि गालांवर पातळ चिकटपट्ट्या लावल्या आणि शैलाच्या बोटांना त्या चाचपायलाही दिल्या.

"आपण बोलतो तेव्हा आवाज घशातून निघतो, पण शब्द घडतात ते जिभेनं, ओठांनी आणि जबड्यानं," ती समजावून सांगू लागली. "काकांचे हे सगळे स्नायू शाबूत आहेत. स्नायू हलायच्या वेळी तिथं अगदी बारीक वीज उमटते. ह्या पट्ट्या ती टिपतात. कुठला स्नायू कधी हलला यावरून 'प' म्हणायचं होतं की 'म', हे संगणक ओळखतो आणि तो उच्चार काकांच्या आवाजात ऐकवतो."

"म्हणजे फोनमध्येच संगणक आहे?" शैलानं विचारलं.

"नाही काकू. हे काम फार मोठं आहे, फोनला झेपत नाही. टॉवरच्या पायथ्याशी मोठे संगणक बसवलेत, ते करतात. आणि ते जवळच असावे लागतात. बोललेलं लांब कुठंतरी जाऊन परत यायला लागलं तर किंचित उशीर होतो. स्वतःचा आवाज स्वतःलाच उशिरा ऐकू आला की माणूस अडखळतो. धडधाकट माणूससुद्धा तोतरा होतो. म्हणून उत्तर टॉवरवरूनच परत यायला हवं."

तिनं कसलंसं बटण दाबलं आणि उल्हासला म्हणाली, "बोला काका. नेहमीसारखं."

शैलाच्या डाव्या हाताला, जिथं तो बसला होता तिथून, आवाज आला.

"शैला, ऐकू येतंय का?"

तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. ऐकू येत होतं. उल्हासच होता. फक्त त्याला एक गंमतशीर संथपणा आला होता, कारण तो आवाज शिकला होता तो पुस्तकं वाचणाऱ्या उल्हासकडून.

"तुम्ही वाचून दाखवल्यासारखं बोलताय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"रडू नकोस. ही मुलगी घाबरेल," तो म्हणाला. तेही त्याच संथ सुरात, जणू पुढच्या पानावरचं वाक्य असावं.

घरी परतताना अडचण कळली. 'साद' फक्त 'दिगंत' कंपनीच्या सिमवर चालत होता. ते संगणक दिगंतच्याच टॉवरखाली होते, आणि तीन वर्षं हा फोन दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर द्यायचा नाही असा करार होता. दिगंतचे टॉवर गडहिंग्लजपर्यंतच होते. एसटी गडहिंग्लज सोडून पुढं आली, आणि बोलता बोलता "केतकीला आता मीच फोन..." इथं उल्हासचा आवाज तुटला. उरला तो श्वास.

गडहिंग्लजला जावेद मुल्लाचं मोबाइलचं दुकान होतं. शैलाच्या घरातले सगळे फोन गेली कित्येक वर्षं त्याच्याकडचेच.

"काकू, कातळवाडीत दिगंतच्या रेंजची एक काडीही नाही," जावेद म्हणाला. "मी त्यांच्या माणसाला विचारलं. म्हणतो, डोंगराआड चार घरांसाठी टॉवर कोण लावणार?"

"मग इथं किती लोकांनी घेतला हा फोन?"

"फार नाही. खरं सांगू का, फोन एक नंबर आहे. नुसता आजाऱ्यांसाठी नाही तो. मीटिंगमध्ये, बसमध्ये, ओठ हलवायचे नि फोनवर बोलायचं, शेजारच्याला पत्ता लागत नाही. पोरं येतात, हातात घेतात, खूश होतात. मग विचारतात, माझंच सिम चालेल ना? नाही म्हटलं की ठेवून देतात. एकाच्या घरातले सगळे एका प्लॅनवर असतात. एकाच्या शेतातली मोटर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालू-बंद होते. एकाच्या सासुरवाडीला दिगंतची रेंज नाही. मग याच्यापेक्षा हलका फोन घेऊन जातात, पण आपल्या सिमचा."

शैला म्हणाली, "आम्हाला इथं एखादी खोली बघशील का भाड्यानं?"

उल्हासनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'नको' असा तो हात होता. पण ती जागची हलली नाही.

दुकानाच्या मागच्याच गल्लीत त्यांना खोली मिळाली. उल्हासला तर जणू नवा जन्म मिळाला. तो सकाळी दूध आणायला जायचा आणि दूधवाल्याशी बोलत उभा राहायचा. जावेदच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोडलेला ऊस काट्यावर जाईपर्यंत किती वाळला हे विचारायचा. केतकीला दिवसातून दोनदा फोन करायचा, आणि ती म्हणायची, "बाबा, तुम्ही मला ओरडलात तरी गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं." संध्याकाळी तो शैलाला वाचून दाखवायचा. त्यात मात्र त्याच्या नव्या आवाजाला काही खोट नव्हती. तिथं तो अस्सल उल्हास होता.

शैलाचं वेगळं चाललं होतं. कातळवाडीच्या घरात तिला काठीसुद्धा लागत नसे. शहाबादी फरशी संपून शेणाची जमीन लागली की परस आला, वाऱ्याला फणसाचा वास आला की पडवीचं दार उघडं आहे, हे तिच्या अंगाला माहीत होतं. विहिरीवर जाणं, परड्यातली मिरची तोडणं, शेजारच्या गुणाक्काकडं जाऊन बसणं, सगळं तिचं ती करायची. गल्लीतल्या ह्या खोलीला अंगणच नव्हतं. दार उघडलं की थेट गाड्या. बाहेर पाऊल टाकायचं तर उल्हासचा दंड धरून. शेगडीची कळ उलट्या बाजूला, मोरीला उंबरठा. ती दिवसभर एका खुर्चीत बसून राहू लागली आणि तो आला की चेहरा हसरा करायची. तो चेहरा तिला स्वतःला दिसत नव्हता, म्हणून तो किती खोटा होता हेही कळत नव्हतं.

एका दुपारी उल्हासनं जेवताना तिचा हात धरला आणि उलटा केला.

"हे कधी भाजलं?"

"परवा. दूध उतरवताना."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी चला म्हणाला असता."

"म्हणणारच. आजच जाऊ. तू इथं नुसती बसून असतेस. मला काय कळत नाही?"

"घरी गेल्यावर तुम्ही गप्प होणार."

"दोन वर्षं होतोच की गप्प. मेलो नाही."

"तुम्ही नाही हो. मी मेले असते," शैलाचा आवाज चढला. "त्या घरात दोन वर्षं मी एकटीच बोलत होते. तुमचं उत्तर यायचं ते कुठल्या तरी पोरीच्या आवाजात. मी रागावले तर तुम्ही टाइप करेपर्यंत माझा राग विरून जायचा. हात भाजला तर भाजला. हाताला काय, बरं वाटतं आठ दिवसांत."

"म्हणजे माझ्या आवाजासाठी तू हात भाजून घेणार? ठीक आहे. उद्या पाय मोड. परवा..."

तो थांबला. संतापून बोलायला निघालेला तो, पण आवाज मात्र तसाच धीराचा, एखाद्या शांत प्रकरणाचा शेवट वाचावा तसा. शैलाला हसू आवरेना. मग त्याचा श्वासही तुटक झाला.

"किती दिवसांनी भांडलो," ती म्हणाली.

"चांगलं भांडतेस अजून," तो म्हणाला.

पण प्रश्न होता तिथंच होता. त्याचा आवाज एका गावात होता आणि तिचं चालणं-फिरणं दुसऱ्या गावात. दोन्ही एका ठिकाणी आणणारी वाट कुणाजवळ नव्हती.

त्यात जावेदनं बातमी आणली. दिगंतनं 'साद'ची नवी मागणी थांबवली होती. फोन खपत नव्हता, म्हणून तो महाग राहिला होता, आणि महाग म्हणून खपत नव्हता. करार संपला की टॉवरखालचे संगणक काढून दुसऱ्या कामाला लावायचे, असं दिगंतमध्ये बोललं जात होतं.

"मग ह्यांच्या फोनचं काय?" शैलानं विचारलं.

"तेच काका मघाशी विचारत होते," जावेद म्हणाला.

शैलानं आयुष्यभर लोकांना लोकांशी जोडून दिलं होतं. तिनं फोन बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा नंबर लावला. पहिल्यांदा यंत्र बोललं, ते तिनं ओलांडलं. मग एक मुलगा बोलला, त्याला तिनं नाव विचारून घेतलं आणि इतक्या मायेनं बोलली की त्यानं वरच्या बाईंकडं जोडून दिलं. तिथून आणखी दोन माणसं. शेवटी, ज्यांनी हा फोन घडवला त्या नीरजा वर्तक फोनवर आल्या. आवाजावरून चाळिशीच्या. दमलेला, पण खरा आवाज.

"मी शैला शिप्पूरकर, गडहिंग्लजहून बोलतेय. माझे यजमान तुमच्या फोनवर बोलतात. अडचण आहे, पण ती नंतर सांगते. आधी तुमचे आभार मानायचेत."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?" शैलानं विचारलं.

"ऐकतेय," नीरजा म्हणाल्या. "आमच्याकडं फोन येतात ते रेंज नाही म्हणून. आभाराचा पहिलाच."

"तेही म्हणणारच आहे मी, रेंज नाही म्हणून," शैला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग शैलानं सगळं सांगितलं. घर, खोली, भाजलेला हात. नीरजांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शैलाताई, लोक आम्हाला विचारतात, एकाच कंपनीला का बांधून घेतलंत? मी प्रत्येक कंपनीच्या दारात गेले होते. टॉवरखाली संगणक बसवायचा खर्च कुणालाच नको होता. दिगंतमध्ये दिवाण म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी आपल्या लोकांशी भांडून ते बसवून घेतले. त्यांची एकच अट होती, तीन वर्षं फोन फक्त दिगंतकडं. ती मान्य केली नसती तर हा फोन जन्मालाच आला नसता. आता त्याच अटीत तो गुदमरतोय."

"दुसरी वाट नाहीच का काही?"

"एक आहे. सगळ्यांचे स्नायू ओळखायचे तर मोठा संगणक लागतो. एकाच माणसाचे ओळखायचे तर डब्याएवढा पुरतो, घरात ठेवता येईल असा. टॉवर नको, काही नको. पण त्यासाठी त्या माणसाचं बोलणं भरपूर जमलेलं असावं लागतं."

"आमचे हे सकाळपासून बोलतच असतात," शैला म्हणाली. "दूधवाला कंटाळलाय."

नीरजा हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या. "डबा तयार आहे. पण दिगंतच्या टॉवरशिवाय हा फोन चालवायची करारात परवानगी नाही. तेवढी दिवाणांनी दिली तर."

"त्यांना इकडं आणाल का? मला त्यांचेही आभार मानायचेत. बाकीचं यांनाच बोलू दे."

दिवाण आले, नीरजांबरोबर, एका सकाळी. दारातून आत येताना त्यांची पावलं जड वाटली, आणि "नमस्कार" म्हणतानाचा आवाज सावध. शैलानं चहा ठेवला. शेगडीची कळ उलट्या बाजूला होती, तरी उल्हासला तिनं हात लावू दिला नाही.

"साहेब," उल्हास म्हणाला, "तुमच्या टॉवरमुळं बोलतोय मी. हे आधी सांगायचं होतं."

उल्हासचा तो संथ आवाज ऐकणाऱ्याला थांबवत असे. पुढचं पान उलटेपर्यंत माणूस वाट बघत राही.

"कुठं काय बोलायचं हे मला नेमकं कळत नाही," उल्हास पुढं म्हणाला. "पण एवढं कळतं की ही माझा आवाज ऐकायला इथं बंद खोलीत बसलीय. आणि मी तिला घरी नेलं तर तिथं ती मोकळी फिरते आणि मी मुका. तुमचं नुकसान व्हावं असं आम्हाला वाटत नाही. काही करता येत असेल तर बघा. नाही आलं तरी तुमचे उपकार आहेतच."

शैलानं चहाचे कप पुढं केले. मग दिवाण म्हणाले, "आमचा अंदाज होता की ह्या फोनसाठी लोक आमच्याकडं येतील. मीच तो माझ्या वरिष्ठांना पटवून दिला. तो चुकला. लोक सिम बदलतात असं आम्ही समजत होतो. पण सिमबरोबर माणसाचं अख्खं गाव असतं, ते उचलून आणता येत नाही."

"अट काढली तर तुम्हाला वर काय ऐकावं लागेल?" शैलानं विचारलं.

दिवाणांना तो प्रश्न अपेक्षित नसावा. त्यांनी कप खाली ठेवला. "ऐकावं लागेल थोडं," ते म्हणाले. "पण वर्षभरात फोनच बंद पडला तर त्याहून जास्त ऐकावं लागेल. आणि तेव्हा शिप्पूरकर गप्प झालेले असतील." मग ते नीरजांकडं वळले असावेत, कारण त्यांचा आवाज जरा दूर गेला. "तुमचा डबा ह्यांना द्या करून. परवानगीचं मी बघतो."

शैलाला त्या आवाजात सावधपणा उरलेला ऐकू आला नाही.

परवानगी मिळायला वेळ लागला. दिगंतमध्ये वादावादी झाली, बैठका झाल्या. शेवटी त्यांनी मुदतीच्या आधीच अट सोडली आणि 'साद' कुठल्याही सिमवर चालू लागला. बाकीच्या कंपन्यांच्या टॉवरखाली संगणक नव्हते, म्हणून ज्यांना आजारपणामुळं तो हवा होता त्यांच्यासाठी घरचा डबा, आणि इतरांसाठी लांबच्या संगणकावरून जरासा उशिरा येणारा आवाज. पोरांना फोनवर स्वतःचा आवाज ऐकायचाच नव्हता, त्यांनी तो उशीर चालवून घेतला. दिवाळीत जावेदच्या दुकानात 'साद' संपला आणि त्याला कोल्हापूरहून दोनदा मागवावा लागला. फोन खपू लागला तसा स्वस्त झाला, आणि शेजारच्या गावातल्या एका मास्तरांनाही, ज्यांचा आवाज उल्हाससारखाच गेला होता, तो घेता आला. दिवाणांना मात्र कंपनीनं दुसऱ्या विभागात धाडलं. नीरजांनी ते शैलाला सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं. नीरजा म्हणाल्या, "मीही हळहळ बोलून दाखवली. तर म्हणाले, तिथं निदान फोन वाजत नाही."

दोघं कातळवाडीला परतली ती हिवाळ्याच्या तोंडाला. गुणाक्कानं घर झाडून ठेवलं होतं. शैला एसटीतून उतरली आणि उल्हासचा दंड सोडून पुढं चालू लागली. बोळ, गुणाक्काची म्हैस, मग पायाखाली आपली फरशी. तिनं कडी काढली आणि दोन्ही दारं उघडली.

नीरजांनी पाठवलेला माणूस दुपारी आला. डबा माजघरातल्या कोनाड्यात ठेवला, उल्हासच्या जबड्याला पट्ट्या लावल्या आणि म्हणाला, "घरात आणि अंगणात चालेल. विहिरीपर्यंत जाईल असं वाटतंय, पुढं नाही."

"तेवढं पुष्कळ आहे," शैला म्हणाली.

उल्हास मात्र बोलेना. माणूस म्हणाला, "काका, बोलून बघा की." तरी तो बोलेना. शैलाला त्याचा श्वास ऐकू येत होता. ती जवळ गेली.

"काय झालं?"

"काही नाही," उल्हासचा आवाज त्या माजघरात उमटला, तीन वर्षांनंतर पहिल्यांदा. वरच्या तुळयांना लागून तो जरा घुमला, पूर्वी घुमायचा तसा. "घर ऐकत होतो. आता बोलता येतंय, तर जरा गप्प राहून ऐकायला हरकत नाही."

डबा सगळं नीट ओळखायचा असं नाही. एकदा त्यानं "मिरची"चं "मिरज" केलं आणि शैला परड्यात उभी राहून विचार करत बसली. विहिरीच्या पलीकडं उल्हास पुन्हा मुका व्हायचा. बाजारात तो हातानं बोलायचा, किंवा जुन्या रीतीनं लिहायचा. त्याची तक्रार दोघांपैकी कुणी केली नाही. आत आलं की आवाज होता.

पोचल्यावर तिसऱ्या सकाळी उल्हास म्हणाला, "दिवाणांना फोन करतो."

"आठवणीनं करा. मीही बोलेन नंतर."

तो पडवीत बाकावर बसला. शैला चुलीपाशी. पीठ मळून झालं होतं. घरच्या जुन्याच सिमवरून त्यानं फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज तिला येत नव्हता, उल्हासचा येत होता.

"नमस्कार साहेब. शिप्पूरकर बोलतोय... होय, घरातनं... नाही, तुमची रेंज अजून आलेली नाही इकडं."

मग तो थांबला. दिवाण बराच वेळ काही बोलत असावेत. उल्हास मध्ये फक्त "होय," "होय साहेब," म्हणत होता. मग तो त्यांना परड्यातली मिरची, गुणाक्काची म्हैस आणि यंदाच्या थंडीबद्दल सांगू लागला. पुस्तकी संथपणा आता पुष्कळ कमी झाला होता. दिवसभराच्या बोलण्यावरून डबा रोज थोडंथोडं शिकत होता.

शैलानं त्यातलं निम्मं ऐकलं, निम्मं नाही. आता प्रत्येक शब्द धरून ठेवायची गरज नव्हती. तिनं परातीवर भाकरी थापायला घेतली, आणि तिकडं पडवीत उल्हास बोलत राहिला.